चंद्रकोरीचा जोड

आम्ही दोघी एकाच दोरीवर वाढलो. पेठेतल्या एका शाळेच्या मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड होती आणि तिथे मुलींचा दोरीचा मल्लखांब चालायचा. मी आठ वर्षांची असताना तिथे गेले, तेव्हा ती दहाची होती आणि दोरीच्या पार वरच्या टोकाला उलटी लटकत होती. ती माझ्याशी पहिलं वाक्य वरूनच बोलली. "खाली उभी राहू नकोस, घाम पडेल." पुढची पंचवीसेक वर्षं आमचं नातं साधारण त्याच उंचीवर राहिलं. ती वर, मी खाली.

मी वाईट नव्हते, मेहनती होते. पण ती चढली की बघणारे बोलायचे थांबत आणि मी चढले की घड्याळाकडे बघत. हा फरक लहान वयात कळला की माणूस एकतर तो खेळ सोडतो, नाहीतर त्या खेळात दुसरं काहीतरी काम शोधतो. मी दुसरं काम शोधलं. दोरी कुठे उसवलीय, गाठ कुठे सैल आहे, हे मला सगळ्यांत आधी दिसायचं.

मोठेपणी तिनं बँकेतली नोकरी सोडली, मी शाळेतली पीटीची. धायरीत एक उंच छताचं गोडाऊन भाड्यानं घेतलं आणि हवाई कसरतींचा क्लास काढला. तोवर पुण्यातल्या मुली मोबाइलवर परदेशी व्हिडिओ बघून पोलादी रिंगेत बसायची स्वप्नं पाहू लागल्या होत्या. छताला टांगलेली मोठी गोल रिंग, तिच्यात बसायचं, गुडघ्यावर लटकायचं, गिरक्या घ्यायच्या. दोरीवर वाढलेल्या बायकांना ते अवघड नव्हतं. अवघड होतं ते रिंग मिळवणं.

धायरीतच, गेट, ग्रिल आणि बंगल्यांचे झोपाळे बनवणारा एक फॅब्रिकेटर होता. त्याच्याकडे आम्ही गेलो ते माझ्या बाबांना घेऊन. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी खात्यात होते. लोकांनी केलेल्या वेल्डिंगमध्ये खोट काढायची हे त्यांचं काम, आणि निवृत्तीनंतरही ती सवय गेली नव्हती. आईच्या पोळ्यासुद्धा ते आधी उजेडात धरून बघत.

फॅब्रिकेटरनं चकचकीत पाइप पुढे केला. "ताई, हाच घ्या. एसएस हाय, गंजत नाय, तोंड दिसतंय बघा यात."

बाबांनी खिशातलं व्हर्नियर काढून पाइपची जाडी मोजली आणि तो परत त्याच्या हातात दिला. "हा रेलिंगचा पाइप. याला माणसानं टेकायचं असतं, लटकायचं नसतं."

मग त्या दोघांची अर्धा दिवस हुज्जत चालली. शेवटी साध्या पोलादाचा, जाड भिंतीचा पाइप ठरला. तो रोलरवर गोल वळवायचा. दोन टोकं जिथे भेटतील तिथे आत पाइपचा आणखी एक तुकडा घालायचा आणि मग बाहेरून वेल्डिंग करायचं. वरची टांगायची कडी जाड पट्टीची, तिचे कोपरे गोल, भोकाची धार मोडलेली. आणि वेल्डिंग झाल्यावर ते घासायचं नाही, हे बाबांनी चारदा सांगितलं. घासलं की छान गुळगुळीत दिसतं, पण ज्याच्यावर जोड उभा असतो तोच भाग ग्राइंडर खाऊन टाकतो.

रिंग तयार झाली तेव्हा तिच्या जोडावर सुरवंट बसल्यासारखं वेल्डिंग दिसत होतं. मैत्रिणीला ती अजिबात आवडली नाही. बाबांनी रिंगेला वाळूची पोती टांगली. आमच्या दोघींच्या वजनाच्या कितीतरी पट भार झाला तरी ते आणखी एक पोतं मागत होते. ती पोती दिवसभर तशीच ठेवली, मग उतरवून टेपनं रिंग आडवी-उभी मोजली. ती जरासुद्धा लांबट झाली नव्हती. तेव्हा ते म्हणाले, "आता बसा."

रिंग दोराला अडकवायच्या कड्यांचंही तेच झालं. मैत्रिणीनं मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून, टेम्पोवाले ताडपत्री बांधायला नेतात तसले मजबूत दिसणारे हुक आणले होते. बाबांनी ते उलटसुलट करून बघितले. किती भार पेलेल याचा आकडा त्यांच्यावर कुठेही ठोकलेला नव्हता. त्यांनी ते घरी नेऊन गॅलरीत कुंड्या टांगल्या. आमच्यासाठी गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्याकडून आकडा ठोकलेल्या, स्क्रूनं बंद होणाऱ्या पोलादी कड्या आणल्या. हलक्या ॲल्युमिनियमच्या नको, कारण ॲल्युमिनियम पोलादावर घासत राहिलं तर झिजतं आणि झिजलेलं वरून दिसत नाही.

पहिली चार-पाच वर्षं चांगली गेली. मुली येत होत्या, आम्हाला समारंभांची कामं मिळत होती. ती वर असायची, मी खाली दोर धरून. मग माझा उजवा खांदा गेला. एकदा निखळला, मग वारंवार निखळू लागला, आणि डॉक्टरांनी लटकणं बंद करायला सांगितलं. मी बाहेर सगळ्यांना सांगितलं की मला शिकवण्यातच जास्त रस आहे.

त्यानंतर तपासणी हेच माझं काम झालं. महिन्यातून एकदा मी रिंगांवर पकडीसाठी गुंडाळलेली सगळी चिकटपट्टी सोलून काढायची, कारण तडा गेला तर पट्टीच्या आत जातो. कड्यांचे स्क्रू, भोकांच्या कडा, छताच्या तुळईवरचे पट्टे, सगळं हातानं चाचपायचं आणि वहीत लिहायचं. वर्षातून दोनदा बाबा त्यांचे तीन स्प्रेचे डबे घेऊन येत. पहिल्यानं जोड धुवायचा, दुसऱ्यानं लाल रंग मारून थांबायचं, पुसायचं, मग तिसऱ्याची पांढरी भुकटी. भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. आमच्या जोडांवर कधी काही उमटलं नाही.

या काळात मी कामं नाकारू लागले. एका हॉटेलात झुंबराच्या हुकाला रिंग टांगा म्हणाले, मी नाही म्हटलं. एका दुकानाच्या उद्घाटनाला छतामागे नेमकं काय आहे हे कुणालाच सांगता येईना, तिथेही नाही म्हटलं. मी नाही म्हटलेल्या जागी दुसऱ्या मुली जायच्या, कार्यक्रम करायच्या, टाळ्या घेऊन खाली उतरायच्या. त्यांना काहीही झालं नाही. मैत्रीण मला त्यांचे व्हिडिओ पाठवायची. खाली एक शब्दही लिहायची नाही.

मग ती चंद्रकोर आली.

कात्रजच्या पुढच्या एका लॉनवर लग्न होतं, सकाळच्या मुहूर्ताचं. लग्नसोहळ्यांचं आयोजन करणाऱ्या कंपनीचा तरुण मालक आमच्या गोडाऊनवर आला आणि त्यानं टॅबवर चित्र दाखवलं. कपाळावर लावतात तशी पोलादी चंद्रकोर, टोकं वर, दोन्ही टोकांना टांगायच्या तारा, आणि तिच्यात नऊवारीतली बाई, नवरानवरीवर पाकळ्या उधळणारी. तो म्हणाला, "मॅडम, पूर्ण मराठी थीम आहे. क्लायंटला मिरर फिनिश हवंय. तुम्ही फक्त बसायचं, बाकी सगळं आम्ही बनवून देतो."

मी त्याला सांगितलं की सगळा भार दोन टोकांवर येणार आहे, म्हणजे जिथे आतला आणि बाहेरचा पाइप निमुळता होऊन भेटतो नेमका तिथे. तिथला जोड जाड हवा, आणि जाड जोड चंद्रकोरीसारखा दिसणार नाही. तो मान हलवत होता. मैत्रीण चित्राकडे बघत होती. तिची ती नजर मी लहानपणापासून ओळखत होते.

लग्नाच्या आठवडाभर आधी वस्तू आली. रेलिंगचा पाइप. जोड असा घासलेला की तो कुठे आहे ते बोट फिरवूनही कळू नये. मी म्हटलं, यावर नको. ती म्हणाली, टांगून तरी बघू.

टांगली. खाली दोन जाड गाद्या टाकल्या आणि ती अर्धा तास त्यात होती. ते इतकं सुंदर होतं की क्लासच्या मुली आपापल्या रिंगा सोडून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी पण बघत राहिले. ती उतरल्यावर मी बाबांचे डबे काढले. उजव्या टोकावर काही आलं नाही. डाव्या टोकाला, पांढऱ्या भुकटीवर, नखाच्या लांबीची एक लाल रेघ हळूहळू फुटली.

मी फोटो काढला आणि मालकाला पाठवला. त्यानं वाद घातला नाही. माणूस पाठवून चंद्रकोर नेली आणि तीन दिवसांनी परत आणली. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा पॉलिश. मी पुन्हा डबे काढले. या वेळी रेघ आली नाही.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "घासून पॉलिश केलं की धातू भेगेवर पसरतो. रंग आत जातच नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नकोस. मूळ पाइपच चुकीचा आहे."

मी हेच तिला सांगितलं. आम्ही गोडाऊनच्या पायरीवर बसलो होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे रेघ आली तरी नाही, आणि रेघ नाही आली तरी नाही," ती म्हणाली. "तुला हो म्हणता येईल असं काही आहे का जगात?"

मी म्हटलं, आपल्या पद्धतीनं बनवलेली वस्तू असेल तर हो.

"खांदा गेल्यापासून तू मला किती वेळा नाही म्हणालीस, मोजलंयस? तुला मी पडेन अशी भीती नाहीये. मी वर जाते याचाच त्रास होतो तुला."

ती अर्धी बरोबर होती. जोड खराब होता हे खरं होतं. पण ते तिला सांगताना माझ्या आवाजात दुसरंही काहीतरी होतं, आणि तिला तेवढंच ऐकू आलं. मी निव्वळ काळजीनं सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारते. उत्तर रोज वेगळं येतं.

शेवटी तडजोड झाली, आणि तडजोड करणारी मीच. उंची दहा फुटांपेक्षा जास्त नाही. फक्त बसणं, टेकणं, एक संथ गिरकी. उलटं लटकणं नाही, अचानक खाली येणं नाही. आणि दोन्ही टोकांखालून, पाइपांच्या पोटाशी, मी एकेक जाड नायलॉनचा पट्टा गुंडाळून तो थेट वरच्या कडीत अडकवणार. जोड उघडला तरी चंद्रकोर पट्ट्यांवर तोलून राहील. गादी मात्र मिळाली नाही, कारण ती वधूवरांच्या वाटेत येत होती. फुलांच्या गालिच्याखाली फोमची एक पातळ चटई टाकली आणि आम्ही सगळ्यांनी तिला गादी म्हणायचं ठरवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातलाच मी लॉनवर पोचले. चंद्रकोर टांगायची लोखंडी कमान हलवून बघितली, पट्टे बसवले, निशिगंधाच्या माळांनी ते झाकले. ती हिरव्या नऊवारीत आली आणि एकदा वर जाऊन गिरकी घेऊन बघितली. खाली येऊन म्हणाली की डावा पट्टा मांडीला काचतो, गिरकीत पाय अडतो, आणि फोटोत मलमपट्टीसारखा दिसेल. तो काढ.

मी नाही म्हटलं नाही. मला नाही म्हणायचा कंटाळा आला होता. सनई सुरू झाली होती, मालक घड्याळ दाखवत होता, आणि मी शिडीवर चढून तो पट्टा माझ्या हातानं सोडवला, गुंडाळला, पिशवीत ठेवला. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. बघू दे तिलाच, असं होतं. तिनं पडावं असं नव्हे. कुठेतरी करकर व्हावी, चंद्रकोर थोडी हलावी, तिनं घाबरावं आणि खाली उतरल्यावर माझ्याकडे बघावं, एवढंच. एवढंसं मागताना माणूस स्वतःला कितीसा वाईट वाटतो?

वाजतगाजत नवरानवरी आत आले. ती वर होती, पाकळ्या उधळत होती. लोकांनी माना वर केल्या, मोबाइल वर केले. ते दोघं खालून पुढे गेल्यावर तिचं काम संपलं होतं. पण टाळ्या थांबत नव्हत्या. तिनं एकदा खाली माझ्याकडे बघितलं, मग पाठ मागे टाकली आणि गुडघ्यांवर उलटी झाली. आमचं तसं ठरलं नव्हतं. पण मला आश्चर्य वाटलं नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. करकर झालीच नाही. पत्र्याचा डबा उघडावा तसा एक टक् झाला आणि चंद्रकोरीचं डावं टोक सुटलं. ती उजव्या टोकावर उभीच्या उभी लोंबली. मैत्रीण त्या चकचकीत पाइपवरून घसरत आली. पडता पडता तिनं अंग वळवलं, दोरीवर शिकवलेलं शरीर होतं ते, म्हणून डोक्यावर पडली नाही. कंबर आणि डावी टाच यांवर पडली. सनई थोडा वेळ तशीच चालू होती.

कंबरेच्या मणक्याला आणि टाचेच्या हाडाला फ्रॅक्चर झालं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. ती चालेल, पण लटकणं, उड्या, वजन उचलणं आता विसरा, असं डॉक्टर म्हणाले. तिचा नवरा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मला म्हणाला, तुम्ही तर सगळं तपासता ना. तो रागानं नव्हता बोलत. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी त्याला सगळं सांगायचं ठरवलं. लाल रेघेचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. पण त्याआधी, शुद्धीवर आल्यावर, तिनं सगळ्यांना एकच सांगितलं. उलटी होताना माझा हात सुटला. नऊवारी रेशमी होती, पाइप गुळगुळीत होता, माझा हात सुटला. टोक त्यानंतर, झटक्यानं तुटलं.

लग्नवाल्या कंपनीचा मालक फुलांचा मोठा गुच्छ घेऊन आला. त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं, पण जाताना म्हणाला, "मॅडम स्वतःच म्हणतायत स्लिप झालं. मग आपण उगाच कशाला टेक्निकलमध्ये जायचं." तो फोटो मी तिच्या नवऱ्याला दाखवला नाही. मला वाटलं, मी बरोबर होते असं कुणी म्हणू नये म्हणून ती खोटं बोलतेय. तो राग मी पाच-सहा महिने सांभाळला. रागाला मी घरात जागा दिली, वेळेवर खायला घातलं. ती घरी आल्यावर मी भेटायला जायची, फळं न्यायची, फिजिओथेरपीचं विचारायची, आणि तो विषय सोडून आम्ही सगळं बोलायचो.

त्या हिवाळ्यात क्लासमधल्या एका मुलीनं मला व्हिडिओ दाखवला. दुसरं लग्न, दुसरं लॉन, तीच चंद्रकोर. डावं टोक पुन्हा जोडलेलं, पुन्हा आरशासारखं. आत एक विशीतली मुलगी, पायांवर उलटी लटकलेली, हसणारी.

मी तशीच मैत्रिणीकडे गेले. ती खुर्चीत बसून पायाला मोजा चढवत होती. मी तिला व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं, आता तरी खरं सांग. हात सुटला नव्हता, जोड सुटला. तू सांगितल्याशिवाय तो मालक ऐकणार नाही.

तिनं व्हिडिओ दोनदा बघितला. मुलीच्या पायाची पकड चांगली आहे, म्हणाली. मग मोजा नीट केला.

"जोड सुटला म्हटलं की पुढचा प्रश्न येतो," ती म्हणाली. "पट्टा कुठे होता. कुणी काढला. तुझा क्लास आहे, तुझ्याकडे लोकांच्या मुली येतात. हात सुटला म्हटलं की प्रश्न संपतात."

इतके दिवस मी जो राग पाळला होता त्याला एकदम काही कारणच राहिलं नाही, आणि त्याची जागा भरायला दुसरं काही नव्हतं.

"पट्टा काढ मी म्हणाले होते," ती पुढे म्हणाली. "पण काढलास तू. आणि मी खाली बघितलं तेव्हा तुझा चेहरा मला दिसला होता. मला आता त्यावर बोलायचं नाही."

मी तिला सांगितलं की हो, मला हेवा वाटायचा. लहानपणापासून वाटायचा. ती म्हणाली, माहितीये. जणू मी तिला वाराचं नाव सांगत होते.

मी घरी येऊन दोन दिवस विचार केला, म्हणजे विचार करण्याचं सोंग केलं. मग मालकाला लिहून पाठवलं, आणि त्या मुलीलाही. लाल रेघेचा फोटो, बाबांचं म्हणणं, पाइपची जाडी, जोड कसा उघडला ते. आणि पट्टा मी स्वतः काढला होता हेही लिहिलं, कारण ते वगळून उरलेलं खरं कुणी मानलं नसतं. मलाही मानता आलं नसतं.

मालकानं त्यातलं एकच वाक्य घेतलं. पट्टा मी काढला, हे. ते त्यानं कलाकारांच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं की सेफ्टीची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांनीच मान्य केलं आहे. आठवडाभरात क्लासच्या निम्म्या मुली गेल्या. कुणी भांडलं नाही. पुण्यात भांडत नाहीत. परीक्षा आहे, अंतर लांब पडतं, सध्या थोडा ब्रेक घेतेय, असे अतिशय सभ्य मेसेज आले. एका मुलीची आई मात्र प्रत्यक्ष आली आणि म्हणाली, "आपण प्रामाणिक आहात, त्याचं कौतुक आहे. फक्त माझ्या मुलीवर नको."

चंद्रकोर मात्र त्यानंतर हवेत गेली नाही. ती आता जमिनीवर उभी करतात, फुलं लावून, पाहुण्यांना फोटो काढायला. त्या विशीतल्या मुलीनं मला एकच ओळ पाठवली: माझी सीझनची सगळी कामं गेली, थँक्यू. मी तिला आमच्या क्लासवर यायला सांगितलं, आपण चांगली रिंग बनवून घेऊ म्हटलं. तिनं उत्तर दिलं नाही.

आणि मैत्रिणीनं बोलणं बंद केलं. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं दार उघडलं, पण दारातच उभी राहिली. "मी जे झाकलं होतं ते तू उघडलंस," म्हणाली, "मला न विचारता. आता माझ्या घरी मी खोटारडी आहे आणि बाहेर तू बेजबाबदार आहेस. त्या मुलीला मी फोन करणार होते. मला दोन दिवस दिले असतेस तरी चाललं असतं." ती खरंच फोन करणार होती का, हे मला माहीत नाही. मी दोन दिवस थांबले होते, पण ते तिला न सांगता. आमचं सगळं असंच झालं आहे.

बाबांना मी पट्ट्याचं शेवटी सांगितलं. त्यांनी विचारलं, वहीत लिहिलंयस का. मी म्हटलं, नाही. म्हणाले, लिही. मी लिहिलं. कुणाच्या लग्नात, कोणत्या टोकाचा पट्टा, कुणी काढला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही, तो कोराच ठेवला.

क्लास चालू आहे. आठ-दहा मुली आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही कुणीच वर जात नाही, रिंगांची पट्टी सोलतो. मी त्यांना जोडावर अंगठा फिरवायला लावते, कडीचा स्क्रू कानाशी धरून फिरवायला लावते, वाळूचा कण अडकला असेल तर आवाज बदलतो. त्यांना कंटाळा येतो. त्या तसं स्पष्ट सांगतात, आणि मी म्हणते की कंटाळा आला तर घरी जा. काही जणी जातात.

मागच्या रविवारी मार्केट यार्डात ती दिसली. फळांच्या गाळ्यांसमोर, एका हातात पिशवी, डावा पाय किंचित बाहेर टाकत चाललेली. तिनं मला बघितलं होतं, त्यामुळे दोघींनाही वळता आलं नाही. हमालांची गाडी आली म्हणून आम्ही एकाच बाजूला सरकलो आणि शेजारी शेजारी उभ्या राहिलो.

"बाबा कसे आहेत?" तिनं विचारलं.

"गेले. उन्हाळ्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला रिंगेवर पहिल्यांदा बसवताना बाबांनी तिचा हात धरला होता. ती त्यांना काका म्हणायची आणि तिच्या लग्नात त्यांनी मांडवाचे खांबसुद्धा हलवून बघितले होते.

"कळवलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

गाडी पुढे गेली, वाट मोकळी झाली. ती म्हणाली की संत्री या गाळ्यावर चांगली नाहीत, पलीकडच्यावर बघ. मग ती निघाली. मी पलीकडच्या गाळ्यावर गेले. तिथली संत्री खरंच चांगली होती.